खुंटी कोणी पिळली

बाबा, तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला भावाच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि ते मला अजून आवडत नाही. दुसरीपर्यंत शिकलेली बाई लिहिते आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

नातीला तिच्या बापाने युकुलेले आणलंय. गिटारीचं पिल्लू म्हण. तिने मागितलंही नव्हतं, दुकानात नुसता हात लावून बघितला होता. मला पहिल्याच दिवशी पोटात जळलं, खोटं कशाला बोलू? पोरगी मला एकेक भाग दाखवते. हे डोकं, त्याला चार खुंट्या. ही मान, मानेवर आडव्या पट्ट्या. पट्टीशी बोट दाबलं की तार आखूड होते आणि सूर वर चढतो. खाली पोकळ पोट, त्याला भोक. हलते तार, पण आवाज मोठा करतं ते पोट. "आनि ह्यो पांढरा तुकडा?" मी विचारलं. "ते नट, आजी." मी उठले आणि खणातून पाना घेऊन आले. पोरगी हसून लोळायला लागली. "अगं, हे पिळायचं नसतं! ह्याच्या खाचांत तारा बसतात, एकमेकींवर जाऊ नयेत म्हणून." म्हटलं, "ज्याला पाना लागत न्हाय त्यो कसला नट?" धामणकर नाक्याला यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या बाईला नट म्हणजे लूमचाच.

काल तिची एक तार तुटली. नवी तार पोटावरच्या लाकडी पट्टीला, ब्रिज म्हणतात त्याला, गाठ मारून बांधायची असते. मोबाईलमध्ये बघून बघून पोरगी रडकुंडीला आली. मी तार ओढून घेतली, पट्टीच्या भोकातून काढली, तिच्याच खालून दोन वळसे दिले आणि आवळली. पक्की बसली. "आजी, तुला कुठून येतं गं हे?"

कुठून येणार? तू लूमच्या मागे बसलायस, संपलेल्या बीमच्या, सुताच्या त्या रुळाच्या, तारांना नव्या बीमच्या तारा जोडतोयस, बोटं घसरू नयेत म्हणून राख लावलेली. भाऊ तुझ्या मांडीशी. मी डबा घेऊन दारात. "पोरीनं लूमच्या मागं यायचं न्हाय, केस अडकतील." मग केस बांधून आले तरी तेच. मी दारातूनच गाठ बघितली आणि घरी गोधडीच्या दोऱ्यावर घोटली. तू जेवायला वळलास की भाऊ खुणावायचा, "ये ना, माजी बोटं दुखतान." एकदा तर एका बीमच्या अर्ध्या तारा मी जोडल्या, बाबा. संध्याकाळी लूम चालू झाला आणि तू भावाच्या पाठीवर थाप मारलीस. "येक बी गाठ सुटली न्हाय. माजा हात आलाय पोराला." भावाने माझ्याकडे बघितलं आणि शाबासकी घेतली. त्याला बक्षीस म्हणून बुलबुलतरंग आलं, बटणं दाबून तारा वाजवायचं. मला लाल रिबीन, केस बांधायला.

चार दिवसांत बुलबुलतरंगाची तार तुटली. भाऊ शपथा घेत होता, तू त्याच्या कानाखाली वाजवलीस. "वस्तू वापराची अक्कल न्हाय!" मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला नाही.

काल गाठ बसल्यावर नात म्हणाली, "आता खुंटी पिळ, आजी. हळूहळू, सूर लागेपर्यंत." मी खुंटीवर बोटं टेकली आणि काढून घेतली. "तूच पिळ. माज्या हाताला कुठं थांबायचं त्ये कळत न्हाय." तिला वाटलं, म्हातारीला सुरातलं काय कळतंय.

हा कागद तांदळाच्या डब्यात जाणार, भावाकडेसुद्धा नाही. बुलबुलतरंगाची खुंटी मी पिळली होती, बाबा. तार तुटेल हे ठाऊक होतं, आणि तुटली तेव्हा बरं वाटलं होतं. काल नातीच्या खुंटीवर बोटं होती तेव्हाही मला तेच करावंसं वाटलं.