फिरती परात

तळेघर,
२० ऑगस्ट २०२४

ती. रामनाथदादास,
लंकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझे ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायचा कंटाळा येतो, म्हणून लिहिते. उजवा हात शाबूत आहे हे अक्षरावरून दिसेलच. चैत्रात झटका आल्यापासून डावा मात्र मांडीवर नुसता पडून असतो.

परवा भरत भोसरीहून आला होता. शेजारची आरती मला भाकऱ्या आणून देते, ते त्याला खटकले. म्हणाला की आई, लोकांच्या भाकरीवर किती दिस काढणार. दसऱ्यापर्यंत तुझी तुला भाकर करता आली तर इथं राहा, न्हाईतर मी बॅग घेऊनच येतो. माझ्या पोराची काही चूक नाही. पण त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मला जायचे नाही. इथे दारातून माझे भातखाचर दिसते.

अडचण एवढीच की ओट्यावर परात सरकते. पूर्वी डावा हात धरून ठेवायचा. आता पीठ मळायला घेतले की परात पुढे आणि मी तिच्या मागे. तू जन्मभर एसट्या दुरुस्त केल्यास. परात धरून ठेवणारे काही करता येईल का?

आशीर्वाद असू दे, आणि जमल्यास लवकर पाठव.

तुझी,
लंका


ओतूर,
२९ ऑगस्ट २०२४

चि. लंका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीस वर्षे डेपोत चाके आवळली, तिथे परात म्हणजे काय मोठे. सोबत कंडक्टरच्या हाती पाठवले आहे. लाकडी पाटावर जुन्या ट्यूबचे कडे ठोकले आहे, त्यात परात घट्ट बसते. पाटाखालीही रबर आहे. डेपोतल्या भिमाजीने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. पाट उचलला गेला, परात सुटली नाही.

माप तुझ्या वहिनीच्या परातीचे घेतले. ती गेल्यापासून परात फळीवरच होती. मी डब्याचे खातो.

आता भरतला खुशाल दसऱ्याचे बोलावणे कर. प्रकृतीला जप, पत्र टाकत जा.

तुझा,
रामनाथ


तळेघर,
९ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परात हलत नाही. पीठ छान मळले जाते. भाकरी मात्र होत नाही.

थापताना भाकरी फिरत असते, दादा. उजवा हात थापतो आणि डावा कडेला लागून तिला फिरवत राहतो. आता ती एका जागी बसते, एका बाजूला जाड होते आणि दुसऱ्या बाजूला फाटते. नाचणीची तर लगेच. हे मी आधी लिहिले नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असते असे मला वाटले.

सगळे तुकडे कोंबड्यांनी खाल्ले. काल पाचव्या भाकरीला मला रडू आले. दसऱ्याला महिना राहिला आहे. तुझ्यावर राग नाही, माया तशीच असू दे.

लंका


ओतूर,
२४ सप्टेंबर २०२४

चि. लंका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला माहीत नव्हते. पस्तीस वर्षे तुझ्या वहिनीच्या हातची भाकरी खाल्ली. ती थापत असायची आणि मी ताटाकडे बघत असायचो. तुझे पत्र वाचून याचे फार वाईट वाटले.

मग डावा हात टॉवेलने कमरेला बांधला आणि आठ दिवस स्वतः थापल्या. शेजारच्या धोंडाबाई हा आवाज कसला म्हणून बघायला आल्या. म्हणाल्या की रामनाथभाऊ, हे बायको व्हती तवा करायचं. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

सोबत नवा पाट पाठवला आहे, त्याच्याखाली बेअरिंग बसवले आहे आणि बाजूला एक खुंटी. मळताना खुंटी खाली दाब, परात थांबते. थापताना वर ओढ, मग करंगळीच्या धक्क्यानेही फिरते. भाकरी तळव्यावर मावेल एवढीच कर, म्हणजे एका हाताने तव्यावर टाकता येते. हे अनुभवाने सांगतो, माझी दोन बोटे भाजली आहेत.

डबा बंद केला. जमले की नाही ते कळव, जीव टांगणीला आहे.

रामनाथ


तळेघर,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला भरत आला. बॅग रिकामी होती, माझी लुगडी भरायला आणलेली. मी पीठ मळायला घेतले, मळून झाल्यावर खुंटी वर ओढली. परात फिरायला लागली तशी त्याने धरायला हात पुढे केला. मी त्याला हात काढ म्हणाले. त्याने काढला.

पहिली भाकरी कडेला थोडी चिरली. दुसरी टम्म फुगली. त्याने दोन्ही खाल्ल्या, मग बराच वेळ बोटाने रिकामी परात फिरवत बसला. जाताना बॅगेत मी घरचा तांदूळ भरून दिला. लई जड झाली म्हणाला, पण घेऊन गेला.

भाऊबीजेला ये. मी थापायला बसेन, तू समोर बस, आणि या वेळी ताटाकडे बघू नकोस.

लोभ आहे तेवढा मला पुरतो.

तुझी,
लंका