नर्सच्या नावाखाली सही

गिरगाव, १२ फेब्रुवारी १९५६

रा. रा. विमा तपासनीस यांसी, सा. न. वि. वि.

काल तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या माझ्या मामंजींना विचारलंत, "घरी नर्स येते का?" ते म्हणाले, "नर्स कशाला? सुनेची मावसबहीण करते सगळं." तेव्हाच आमचा क्लेम तुम्हाला खोटा वाटला. जाताना शेजारच्या वासंतीबाईंनाही तुम्ही खोदून खोदून विचारलंत.

नर्स येते. तिचं नाव रोझी डिमेलो. मामंजींना परधर्माच्या माणसाच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून ती जिन्यात कुंकू लावून माझी मावसबहीण म्हणून वर येते. कर्फ्यूच्या चार दिवसांची बिलंही खरी आहेत. तिला घरी परतता येईना, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. फॉर्मवर तिच्या नावाखाली मामंजींची सही लागते. ती मी मागणार नाही. क्लेम मागे घेते.

इथवर लिहिलं आणि मामंजींनी हाक मारली.

"फॉर्म आण," ते म्हणाले. "डिमेलो नीट लिही. मी सही करतो."

सही झाली. आता फॉर्मच पाठवते, हे पत्र नाही. काल मी चहा करायला आत गेले तेव्हा तुम्ही त्यांना बिलांवरचं नाव सांगितलंत, की त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे विचारायचा मला धीर होत नाही.

आपली,
सौ. उर्मिला विजयकर