पाण्याचा नियम

आत्ती,

तुमचे गुडघे दुखतात हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. मला ते स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून कळलं. मी तुमची सून म्हणून या घरात आले तेव्हा तिखटाचा, मिठाचा, डाळींचा सगळा सरंजाम खालच्या फळीवर होता, कारण तुमचा स्वयंपाक जमिनीवर पाट टाकून चालायचा. पुढे ओटा बांधला, गॅस वर गेला, तरी भाकरी तुम्ही खालीच स्टोव्हपुढं बसून थापायचात. उभं राहून थापलेली भाकरी फुगत नाही असं तुमचं म्हणणं होतं. आणि मग एका वर्षी डबे वर चढायला लागले. आधी तिखट, मग ज्वारीच्या पिठाचा डबा, मग तेलाची बरणी. मी सकाळी सातच्या शाळेला शिकवायला जायच्या गडबडीत खाली हात घालायची आणि हाताला काही लागायचं नाही. डबे का हलवले म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, खाली मुंग्या होतात. मी बावळटासारखी मुंग्यांची पावडर घेऊन आले.

पावडर टाकायला तुम्ही मला खाली वाकायला लावलंत आणि स्वतः दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिलात. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौकटीचा तेवढाच भाग तेलकट, काळा झाला होता. मग मी घरभर बघत गेले. पलंगाचा खांब, जिन्याचा कठडा, परसातल्या संडासाच्या दाराची कडी, सगळीकडे तुमच्या हाताचे डाग. तुम्ही घर धरून धरून चालत होतात आणि आम्हाला पत्ता नव्हता. संध्याकाळी मी उंच स्टूल आणलं, ओट्याशी ठेवलं आणि म्हटलं, आता यावर बसून भाकरी करा. दुसऱ्या दिवशी त्यावर लोणच्याची बरणी होती. काठी आणली, तिनं तुम्ही दोरीवरची लुगडी काढायला लागलात.

डॉक्टरांकडे नेलं त्या दिवसाचा राग तर मला अजून येतो. घरात चौकट धरणारी बाई तिथं रिक्षातून उतरली आणि एखाद्या हवालदारासारखी ताठ चालत आत गेली. डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला कायबी न्हाय. हिलाच बघा जरा. लई चिडचिड करत्या." डॉक्टर हसले आणि खरंच माझं ब्लडप्रेशर बघितलं. ते वाढलेलं निघालं. तुमच्या गुडघ्यासाठी म्हणून गेलेली मी स्वतःसाठी गोळ्या घेऊन घरी आले, आणि रिक्षात तुम्ही मला मीठ कमी खायचा सल्ला देत होतात. घरी आल्यावर पायरी चढताना मात्र तुमच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी ऐकला. मी ऐकला हे तुम्हालाही कळलं.

त्याच पावसाळ्यात तुम्ही नियम घेतलात. चातुर्मासात आपल्यात कुणी ना कुणी काही सोडतंच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दिवसातून एकदा जेवायचं, पाणीही त्या जेवणाबरोबरच घ्यायचं, नंतर थेंबभर नाही. देवासमोर हात जोडून तुम्ही ते ठरवलंत आणि मग आम्हाला सांगितलंत. चातुर्मास संपला, नियम संपला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, येणाऱ्या बायका घरी यायला लागल्या. या वयात एवढं जमतं कसं म्हणायच्या, वाकून पाया पडायच्या. तुमचा मुलगा तर शिरोलीच्या एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपमधल्या कामगारांनाही आईच्या तपाचं सांगायचा. तुम्ही पलंगावर मांडीवर माळ घेऊन बसलेल्या असायचात आणि तुमचे ओठ सुकून त्यांना चिरा पडलेल्या असायच्या. मला ते बघवत नव्हतं. पण नियमाला नावं ठेवायची तरी कशी? एकदा धीर करून म्हटलं, निदान दुपारी ताक तरी घ्या. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत की मी परत काही बोलले नाही. सुनेला धर्म कळत नाही, एवढंच त्या नजरेत होतं.

मे महिना. शाळेला सुट्टी आहे. सकाळी मी तुम्हाला तोंड धुवायला गरम पाणी घेऊन येते, तर तुम्ही मला ओळखत नाही. मला तुमची कोडोलीची धाकटी बहीण समजून बोलताय, लहानपणीच्या कुठल्यातरी विहिरीबद्दल सांगताय, आणि अंग तापलंय. आम्ही तुम्हाला दवाखान्यात दाखल करतो. शरीरातलं पाणी संपलंय, लघवीत जंतू झालेत, किडनीवर ताण आलाय, असं डॉक्टर सांगतात. दिवसाला किती पाणी पितात म्हणून विचारतात. तुमचा मुलगा नियमाचं सांगतो, आणि सांगताना त्या परिस्थितीतही त्याचा आवाज जरा चढतो. डॉक्टर सलाईनचा वेग वाढवतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही भानावर आलात. तुमचा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता, खोलीत आपण दोघीच. लघवीची नळी लावलेली होती. तुम्ही बराच वेळ त्या नळीकडे आणि खाली लटकवलेल्या पिशवीकडे बघत होतात. मला वाटलं, तुम्हाला लाज वाटत असेल, म्हणून मी चादर सारखी करायला पुढे झाले. तेव्हा तुम्ही अगदी हळू म्हणालात, "ही नळी बरी हाय. उठायला लागत न्हाय."

मी चादर धरून तशीच उभी राहिले. मग तुम्ही आपणहून सांगितलंत. पाणी प्यालं की परसात जायला लागतंय, गेलं की खाली बसायला लागतंय, आणि बसलेलं उठता येत न्हाय. एकदा बसलेल्या असताना उठताच येईना, नळाच्या पाइपाला धरून उठायला गेलात तर पाइपच उपसून हातात आला. तो पाइप मला चांगला आठवत होता. त्यावरून तुमच्या मुलानं प्लंबरला घरी बोलावून झापलं होतं, आणि तुम्ही पलंगावर बसून ते सगळं ऐकत होतात. नियम त्यानंतरच्या आठवड्यात घेतलात. मला काय वाटलं ते लिहायला मी इतकी वर्षं घेतली, आणि अजूनही नीट शब्द सापडत नाहीत. तुम्हाला गदागदा हलवावं, असं वाटलं. एक शब्द, आत्ती. एक शब्द टाकला असतात तर चार दिवसांत गवंडी आणून उभा केला असता. त्याऐवजी तुम्ही मरायला निघाला होतात आणि लोक तुमच्या पाया पडत होते. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "ह्यातलं घरात कुणाला सांगू नगंस." मी नाही सांगत म्हटलं. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आला आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

घरी आल्यावर मी कुणालाही न विचारता धान्याची कोठी रिकामी करायला घेतली. तुमच्या खोलीला लागून असलेली तीच एक जागा होती. गवंडी आला, फरशी बसली, भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसला आणि खुर्चीचा संडास तयार झाला. तुम्ही कोठी गेल्याचा शोक केलात. जोंधळा आता कुठं ठेवायचा, हे मला दिवसातून दहा वेळा विचारलंत. पण त्या संडासाचं दार काही उघडलं नाहीत. खुर्चीवर बसून कसलं व्हतंय, असं म्हणून परत भिंत धरत धरत परसात. डॉक्टरांनी पाणी प्यायलाच हवं म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी तांब्या भरून देत होते आणि रिकामा परत घेत होते. त्या उन्हाळ्यात परसातल्या कुंडीतला कढीपत्ता कधी नव्हे इतका तरारला तेव्हा ते पाणी कुठं जात होतं ते कळलं. मी कुंडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. आपण दोन दिवस बोललो नाही.

मग तुम्हाला बघायला म्हणून कोडोलीहून मावशी आल्या. तुमची धाकटी बहीण, तुमच्याहून जाड, गुडघे तुमच्याहून वाईट, आणि लपवाछपवी ठाऊकच नाही. एसटीतून उतरल्यापासून आई गं, बाई गं चाललेलं. मी त्यांना नवा संडास दाखवला. आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा असा की एखादं लग्न जमून आलंय. "अक्का, राजाला तरी एवढं सुख असंल का गं?" असं त्यांनी तुम्हाला विचारलं, आणि तेच पुढचे चार दिवस गल्लीतल्या ज्या ज्या घरी चहाला गेल्या तिथं सांगितलं. मावशी गेल्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या यायला लागल्या. पहिली आली ती नुसतं बघायला. दुसरी म्हणाली, जरा जाऊन येऊ का? तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दोघी जणी तुमच्या पलंगावर वाट बघत बसलेल्या, तिसरी आत, आणि तुम्ही दारात उभ्या राहून तिला हाका मारत होतात. आमच्या घरचा संडास हाय, धर्मशाळा न्हवं, असं तुम्ही तिला बजावलंत, ती बाहेर आल्यावर आत गेलात आणि कडी लावलीत. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरला. हसले की रडले ते आता आठवत नाही.

त्यानंतर पाणी सुरळीत सुरू झालं. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलेला व्यायामही सुरू झाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, थांबायचं, सोडायची. आकडे मोजायला तुम्ही नकार दिलात, एका दाबाला एक णमोकार म्हणायचात, आणि घाई असली की मंत्रही भरभर म्हणायचात. तेवढ्यावरूनही आपली भांडणं झाली. पण पायात जरा बळ आलं. दिवाळीनंतर एका सकाळी तुम्ही लुगडं बदलून, हातात काठी घेऊन दारात आलात आणि बस्तीत येतेस का म्हणून मला विचारलंत. काठी दोरीसाठी नव्हे, चालण्यासाठी. रस्त्यात तीनदा थांबलात आणि तीनही वेळा दुकानं बघायला थांबल्यासारखं केलंत.

आणि तिथं, बस्तीच्या ओट्यावर, बायकांनी मला ऐकवलं. एवढं मोठं तप चाललं होतं, सुनेनं दवाखान्यात नेऊन मोडायला लावलं. दुसरी म्हणाली, आजकालच्या शिकलेल्या मुलींना धीर नसतो. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात, खुर्चीवर, माळ ओढत. मी तुमच्याकडे बघितलं. आता बोलाल, मग बोलाल. तुमची माळ काही थांबली नाही. घरी येईपर्यंत मी दम धरला आणि स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं, तुम्ही एक शब्द का बोलला नाहीत? तुम्ही स्टुलावरची बरणी उचलून खाली ठेवलीत, त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसलात आणि म्हणालात, "गुडघ्यापायी पाणी सोडलंतं म्हणून सांगू व्हय बस्तीत? तुला काय हुतंय, तू तरणी हायस. चार दिस बोलतील." मग पीठ मागितलंत.

चार दिवस नव्हे, आत्ती. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं जगलात, चांगल्या हिंडत्या-फिरत्या. मुलं कॉलेजात गेली, घरात मोबाईल आला, तुम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या पायांनी बस्तीत गेलात, आणि ती सगळी वर्षं मी तेच ऐकत राहिले. तुम्ही गेल्यावर शोकसभा झाली. एका वक्त्यानं तुमच्या नियमाचं भरभरून सांगितलं आणि घरच्या अडचणीमुळे तो खंडित झाला असं हळुवारपणे म्हटलं. सगळ्यांनी ‘घरची अडचण’ कुठं बसली आहे ते बघून घेतलं. मी पदर डोक्यावर ओढून खाली बघत बसले, आणि तुमच्यावर इतकी चिडले होते की डोळ्यांत पाणी आलं नाही. त्याचीही नंतर चर्चा झाली.

तुमचा मुलगा आता स्वतः म्हातारा झालाय. कुणी पाहुणे आले की आईचं तप सांगतो आणि शेवटी माझ्याकडे बघतो. परवा आमचं कशावरून तरी वाजलं, गच्चीतल्या टाकीवरून असेल, आणि त्यानं मध्येच तेही काढलं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याला सांगावं, बाबा रे, तुझ्या आईचं ते तप नव्हतं, परसातल्या त्या संडासाची भीती होती. तुम्ही गेलात, आता त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? मी तोंड उघडलं आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं.

हे कागद मी लिहून झाल्यावर फाडणार आहे, घरात कुणाच्या हाती लागायला नकोत. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून मी गप्प बसते, असं इतके दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. या घरात तुम्ही मला जे काही सांगितलंत ते ओरडून सांगितलंत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. हळू आवाजात, फक्त मला, अशी तेवढी एकच गोष्ट सांगितलीत. ती मला तुमच्या मुलालासुद्धा द्यायची नाही.