पंपाला सोबत

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण आठही अंगे मनाने हजर होती.) आपली तब्येत, मामींचे सांधे आणि आपला रेडिओ, ज्याला आपण हल्ली बातम्या लागल्या की चापट मारता असे कळते, ही तिन्ही बरी असावीत. इकडे सर्व ठीक. सर्व ठीक हे मी खात्याच्या अर्थाने लिहितो. आमच्या खात्यात छप्पर कोसळले तर खिडक्या शाबूत असल्याचे कळवतात.

आपले पत्र पोचले. त्यात एकच प्रश्न होता आणि तो मामींनी शेजारी उभे राहून लिहवून घेतला, हे माझ्या नावापुढच्या 'लबाडा'वरून ओळखले. आमच्या पोराला, ढब्बूला, पंधरवड्यासाठी म्हणून नेले, त्याला वर्ष उलटून गेले, तो परत कधी येणार? मामा, आपण पुरवठा शाखेचे मुख्य म्हणून निवृत्त झालात, त्याच शाखेत मी आज आपल्याच टेबलाशी बसतो (उजवा खण अजून अडकतो). तेव्हा हा प्रश्न मला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. फक्त उत्तर एका ओळीत मावत नाही. शिवाय 'पोरगा घरात बसून चांगले चाललेले पंखे खोलतो, त्याला जरा जग दाखव' असे आपणच म्हणाला होतात, हे मामींना आठवत नसेल तर मी आठवण करून देणार नाही.

मुळात तो देश कुठे आहे हे आमच्या शाखेत कोणालाच ठाऊक नव्हते. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात तो नेमका घडीवर येतो, त्यामुळे अर्धा झिजून गेला आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर कोणीतरी कधीकाळी चहाचा कप टेकवला होता. तिथे नदी एक आणि माणसे दोन प्रकारची, वरची आणि खालची. वरचे पाणी अडवतात, खालचे बांध फोडतात. आजोबांपासून त्यांचे हे भांडण चालू आहे, दगड मारून आणि शिव्या देऊन, आणि सुगीच्या दिवसांत दोघेही ते बंद ठेवतात, कारण तेव्हा वेळ नसतो. आपल्यासारख्या अवाढव्य देशाने तिकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण त्या दुसऱ्या मोठ्या देशाने वरच्यांना एक ट्रॅक्टर भेट दिला. आता त्याने काही केले की आपल्याला करावेच लागते, समोरच्या बाईने पडदे बदलले की आपल्या घरातही बदलतात तसे. (हे मामींना उद्देशून नाही.) लगेच आपण खालच्यांना पाण्याचा पंप भेट दिला. इतकेच, मामा. एक पंप. रंग हिरवा.

पंप दिला म्हणजे तो बसवायला माणूस हवा, म्हणून ढब्बू गेला. तो गेल्यावर आठवड्याभरात पंपाचा पट्टा चोरीला गेला. ढब्बूचे म्हणणे असे की कोणीतरी त्याच्या चपला केल्या असाव्यात, नवा पट्टा पाठवा, बात खतम. पण आमचे थोरले साहेब म्हणजे साधा माणूस नव्हे. (आपल्या वेळी ते आपल्या हाताखाली टाचण्यांचा हिशेब ठेवायचे. आता त्याच टाचण्या ते नकाशाला टोचतात आणि एक पाऊल मागे सरून पाहतात.) त्यांनी ठरवले, हे वरच्यांचे काम. नवा पट्टा गेला आणि पट्ट्याची राखण करायला दोन शिपाई गेले. शिपायांना तिकडचे जेवण सोसेना, म्हणून आचारी गेला. आचाऱ्याला बटाटे लागतात, म्हणून ट्रक गेला. ट्रकच्या वजनाने तिथला लाकडी पूल बसला, म्हणून पूल बांधणारे गेले. नवा पूल इतका देखणा झाला की तो कोणीतरी पाडेल अशी साहेबांना धास्ती वाटू लागली, म्हणून पुलावर पहारा बसला. पहारा दिसल्यावर वरच्यांच्या पोरांनी दगड मारला. पोरे ती, त्यांनी खांबही सोडला नसता. पण दगड आपल्या शिपायाच्या शिरस्त्राणाला लागून टण् असा आवाज झाला आणि तो आवाज, मामा, राजधानीपर्यंत ऐकू आला.

दगडाची चौकशी करायला जो अधिकारी गेला तो एकटा कसा जाणार? त्याने सोबत तोफ नेली. तोफ म्हटली की गोलंदाज आले, गोलंदाजांची पत्रे आली, पत्रांसाठी विमान आले, विमान उतरायला सपाट जागा हवी म्हणून खालच्यांचे निम्मे शेत सपाट झाले, आणि ज्यांच्या पाण्यासाठी हे सगळे मांडले होते ते खालचेही आपल्यावर दगड मारू लागले. भीक नको पण कुत्रा आवर, असे त्यांच्या पुढाऱ्याने फार नम्र भाषेत कळवले. साहेबांनी ते आभाराचे पत्र म्हणून लावून ठेवले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते आजवर नुसते ऐकले होते. आता खुद्द लष्करच दुसऱ्याच्या चुलीत लाकडे सारत बसले आहे.

आणि दर खेपेला मंत्रीमहोदय कोट झटकून सांगतात की आपण युद्धात पडलेलो नाही, पंपाला फक्त सोबत पाठवली आहे. टाळ्या पडतात. सोबत वाढली की टाळ्याही वाढतात. परवा सभागृहात एका खुळ्या सभासदाने विचारले, मग परत का येत नाही? तर महोदय म्हणाले, आता परत आलो तर आजवर जे गेले त्यांचे जाणे फुकट ठरेल. म्हणजे ते फुकट ठरू नये म्हणून आणखी माणसे जाणार, आणि त्यांचे फुकट ठरू नये म्हणून त्यांच्यामागून आणखी. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. बायकोच्या हातात एकदा गाठ बसलेला दोरा देऊन पाहावा, ती आधी ओढणे थांबवते. पण तिला कोणी मंत्री करत नाही.

आता ढब्बू का येऊ शकत नाही ते सांगतो. रागावू नका, पण याला कारण आपण आहात. आपल्या कारकिर्दीत पाणपोईवरचा माणूस बहिणीच्या लग्नाला निघून गेला आणि दिवसभर शाखेला पाणी मिळाले नाही. त्यावर आपण चिडून नियम केलात की बदलीचा माणूस समोर येऊन चार्ज घेईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. उत्तम नियम. पाणी मिळू लागले. तोच नियम आता त्या नदीकाठी लागू आहे. आचारी बदलीच्या आचाऱ्याची वाट पाहतो आहे, पहारेकरी पहारेकऱ्याची. एखादा बदलीचा माणूस निघतोही, पण वाट धोक्याची असल्यामुळे त्याच्याबरोबर रक्षक जातात, आणि तिथे पोचल्यावर रक्षकांनाही जागा नेमून मिळते. त्यामुळे एक परत येतो आणि चार अडकतात. धरले तर चावते, सोडले तर पळते अशी गत आहे.

मागच्या महिन्यात पुलावरचे दोघे पहारेकरी गेले. म्हणजे मेले, मामा. आपल्याला उगीच गोल लिहीत नाही. निरोप आला तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, "चार्ज कोणाला दिला?" कोणालाच दिला नव्हता. मग त्यांनी जागा विनापरवानगी सोडली असे धरायचे की काय, यावर तासभर चर्चा झाली आणि मध्ये चहा आला. मी तो प्यायलो.

तरी काळजी नसावी. ढब्बूची पत्रे आमच्याच खात्यातून येतात, त्यामुळे वरचा नमस्कार आणि खालची सही एवढेच वाचता येते, मधले सगळे काळ्या शाईखाली असते. पण सही ठणठणीत आहे. आणि मुख्य म्हणजे त्याच्या बदलीचा माणूस अखेर सापडला आहे. तो पुढच्या आठवड्यात निघेल, चार्ज घेईल आणि ढब्बू घरी येईल. मामींना म्हणावे, पंखे तयार ठेवा.

मामींना नमस्कार. आपला आज्ञाधारक भाचा.

ता. क. बदलीचा माणूस म्हणजे आमचे चिरंजीव. ढब्बूकाकाच्या हाताखाली वर्कशॉपमध्ये तो पंप शिकला हे आपण जाणताच, आणि शाखेच्या लेखी हिरवा पंप कळणारे देशात दोघेच आहेत. आपले जुने स्नेही, ते डोळ्यांचे डॉक्टर, जाणाऱ्यांची तपासणी तेच करतात असे कळले. पोराचे डोळे तसे चांगले आहेत, पण चांगल्या डोळ्यांतही काही ना काही सापडते म्हणतात. आपला एक शब्द पुरेल. एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो, बाकीचे आपले सुचत गेले.

ता. क. दुसरा. वरचे लिहून झाल्यावर पुन्हा वाचून काढले. पोर नापास झाले तर ढब्बूला तिथेच राहावे लागेल, हे मला कळते. आपल्याला कळणार नाही असे धरून लिहिले, हा माझा हलकटपणा. एवढा वेळ साहेबांना आणि मंत्र्यांना नावे ठेवली, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही दुसऱ्याचेच पोर नदीकाठी ठेवू पाहिले. मामींना हे पान वाचून दाखवू नये. मागणी मात्र मी मागे घेत नाही. माझ्याच्याने घेववत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत पोराने पत्र वाचले. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "बाबा, त्या पंपाला पाणी येतं का?" मामा, शपथेवर सांगतो, वर्षभरात हे कोणी विचारलेच नव्हते. सकाळी ऑफिसात जाऊन मी साहेबांना विचारले. साहेबांना माहीत नव्हते. त्यांनी मंत्र्यांना विचारले, त्यांनाही नव्हते. प्रश्न सर्वांना इतका आवडला की दुपारपर्यंत पाहणी समिती नेमली गेली. समितीच्या सोबतीला दोन पलटणी निघाल्या आहेत, आणि पंपातला जाणकार म्हणून आमच्या चिरंजीवांना त्यात धरले आहे. पाहणीला गेलेला माणूस बदलीचा म्हणून धरत नाहीत, तेव्हा ढब्बूला त्याचा उपयोग नाही. डॉक्टरांनाही आता त्रास देऊ नये. पाहणीसाठी जाणाऱ्यांचे डोळे तपासत नाहीत. मामींना एवढेच सांगावे की ढब्बूला घरची सोबत मिळाली.