चष्म्याच्या घरातली रॅम

बाबा, तुम्ही मला घेऊन दिलेला कॉम्प्युटर परवापरवापर्यंत चालत होता. चालत होता म्हणजे, बटण दाबून चहा ठेवायचा, तो गाळून आणायचा, तोवर पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. तुम्ही गेलात तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिच्या मैत्रिणी खेळतात तो गेम तिला खेळायचा आहे. त्या सगळ्या मिळून त्यात एक गाव वसवतात. "त्यांच्या गावात माझं घरच नाय," असं तिनं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खरंच कुणी वेशीबाहेर ठेवल्यासारखा झाला होता. म्हणून एका रविवारी मी कॅबिनेटचं झाकण काढलं, रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली आणि काय ठेवायचं नि काय बदलायचं याची यादी करायला बसले. मी तुमच्याच कंपनीत स्टोअरला आहे. कोणत्या पंपाला कोणतं सील बसतं ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण ही यादी काही माझ्याच्यानं पुरी होईना.

दुकान तेच आहे, पेणचं. तुम्ही पहिली पाळी करून, कंपनीच्या कपड्यांतच मला घेऊन तिथं आला होतात. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते, रोह्याहून पेणला एसटीनं जात-येत होते. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स कार्ड लागतंच, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. कार्ड मला गेमसाठी हवं होतं. दुकानदाराला ते कळलं होतं, तो माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं कार्ड बिलात धरलं. तुम्ही बॉयलरवरचा माणूस, प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होतात. रॅमची पट्टी बोटांत धरून तुम्ही विचारलंत, "ही काय करते?" तो म्हणाला, "ही नसली तर मशीन उठायचंच नाय, काका." "मग बिघडतं का काय?" "छे, बिघडत काय नाय. परत लावली का चालू." तुम्ही मान हलवलीत आणि पट्टी जपून पुठ्ठ्यावर ठेवलीत. ते वाक्य तुम्ही लक्षात ठेवाल असं मला कुठं माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी माझे चार विषय राहिले. निकालाचा कागद मी तुमच्या हातात दिला नाही, तो तुम्हाला माझ्या दप्तरात सापडला. तुम्ही ओरडला नाहीत. मला वाटतं ओरडला असतात तर बरं झालं असतं. स्क्रू-ड्रायव्हर आणलात, झाकण काढलंत, रॅमची पट्टी उपसून घेतलीत आणि आपल्या चष्म्याच्या घरात, चष्मा पुसायच्या फडक्याखाली ठेवलीत. "परीक्षा झाली का लावून देतो," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून ते चष्म्याचं घर तुमच्या डब्याच्या पिशवीतून कंपनीत जायचं आणि पाळी सुटली की घरी यायचं. मी आईला म्हटलं, "पोलिसासारखे वागतात." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बाप हाय तो. तुझ्या मनात काय चाललंय ते त्याला नाय कळत, म्हणून मशीनच्या आतलं काढून घेतो. तू बोल गो त्याच्याशी." मी बोलले नाही. आठ दिवस एक शब्दसुद्धा नाही. तुम्ही ओटीवर बसून बूट घालताय, मी समोरून घागर घेऊन जातेय, तुम्ही मान वर करताय, मी बघत नाही. आठव्या सकाळी तुम्ही म्हणालात, "खांबला, आत्याच्या गावी जाऊन ये दोन दिवस, मन लागंल." मी घागर खाली ठेवली आणि आत गेले.

त्या दिवशी दुपारी कंपनीची बस रोह्याच्या स्टॉपला थांबली, सगळे उतरले आणि तुम्ही बसूनच राहिलात. तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला वाटलं, झोप लागली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंच संध्याकाळी तुमची पिशवी आणून माझ्या हातात दिली, कारण आईला तेव्हा कुणी काही देऊ शकत नव्हतं. "बघून घे, सगळं हाय," तो म्हणाला. डबा होता, गेटपास होता, घामाचा रुमाल होता. चष्म्याचं घर उघडलं. चष्मा आणि त्याच्याखाली पट्टी. आणि बाबा, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ही कुणी काढून घेणार नाही. तो विचार एका क्षणाचा होता. पण तो पहिला होता. रडू त्याच्यानंतर आलं.

पुढचंही सांगते. तेरावं झालं, पाहुणे गेले. आई आत्याला खांबला पोचवायला गेली होती. घरात मी एकटी. मी झाकण काढलं, पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबली आणि दुपारभर गेम खेळले. आवाज पूर्ण बंद ठेवला होता. काय खेळले ते आठवत नाही, पण जिंकत होते ते आठवतं. आई केव्हा आली कळलंच नाही. वळून बघितलं तर ती दारात उभी, पदरानं तोंड पुसत. मला वाटलं, आता ही मला मारणार. ती म्हणाली, "जेवलीस का गो?" मी नाही म्हटलं. ती आत गेली आणि तिनं भात टाकला. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी आजवर बोललेलो नाही. डिप्लोमा मी पुरा केला नाही. तुमच्या जागी म्हणून कंपनीनं बोलावलं, स्टोअरला घेतलं, आणि तिथंच राहिले.

तर आम्ही मायलेकी पेणला गेलो. दुकानदाराचे केस पांढरे झालेत, मला त्यानं ओळखलं नाही. मोबाइलवर काढलेला आतला फोटो बघून म्हणाला, "ताई, ह्याच्यात ठेवण्यासारखं कॅबिनेट तेवढं हाय. प्रोसेसर बदला. त्याच्यासाठी बोर्ड बदलावा लागंल. बोर्ड बदलला का रॅम नवी." मी विचारलं, जुनी रॅम नव्या बोर्डात नाही बसणार? "नाय ना. खाच वेगळ्या जागी असते. जोर केला तर मोडंल, पण बसणार नाय." मी म्हटलं, मग बोर्ड राहू दे. हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी घालू, पॉवर सप्लाय नवा घेऊ, आणि वापरलेलं एखादं बरं कार्ड द्या. त्यानं मुलीकडे बघितलं. मुलगी माझी ओढणी ओढत होती. "आई, ते काका सांगतायत ना, प्रोसेसरच लागतो." मी ऐकलं नाही. कामावर मी दहा माणसांना सांगते की नवा पंप असताना जुन्याचं सील मागू नका, आणि तिथं उभी राहून मी नेमकं तेच करत होते.

घरी आणून सगळं मीच जोडलं. सुरू व्हायला आता चहाएवढा वेळ लागेना. पण गेम उघडला तसा दोन पावलं चालला आणि गोठला. परत उघडला, परत गोठला. तिसऱ्यांदा आपोआप बंद झाला. मुलगी खुर्चीवरून उठली आणि अगदी हळू म्हणाली, "तुला मला खेळूच द्यायचं नव्हतं. म्हणून तू जुना बोर्ड ठेवलास." मी तिला म्हटलं, तसं नाही गं. पण बोलताना मलाच खात्री वाटेना. मी बोर्ड तुमच्या बोटांतल्या त्या पट्टीसाठी ठेवला होता, की ती माझ्यासारखी होईल, चार विषय घालवील, माणसं सोडून पडद्यात बसेल, या भीतीनं मुद्दाम कमी पडेल असंच निवडलं होतं? मला अजून सांगता येत नाही. पाच दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. रोज सकाळी तिचा डबा भरताना मी तुमच्या जागी उभी होते, आणि तिथून काय दिसतं ते मला पहिल्यांदा दिसत होतं. मला तिच्यावर राग नव्हता, बाबा. फक्त ती बघत नव्हती. तुम्हालाही राग नव्हता का? हे विचारायला आता कुणी नाही.

पुढच्या रविवारी मी एकटीच पेणला गेले आणि बोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही नवीन आणली. दुकानदार म्हणाला, "आधीचं वाया नाय गेलं ताई, सगळं ह्याच्यावर चालतंय." जुना बोर्ड मी भंगारात दिला. पट्टी ठेवली आहे, कागदात गुंडाळून, कपाटात. ती कशाच्याही कामाची नाही. मुलीला गावात घर मिळालं. ती रोज एक तास खेळते. तास झाला की मी दारात जाऊन उभी राहते, ती "पाच मिनिटं" म्हणते, आणि आमची थोडी वादावादी होते. पण होते, एवढं बरं आहे.

हे सगळं मी स्टोअरच्या एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, वही कपाटातच राहील. एक सांगायचं राहिलं. नवीन बोर्ड बसवताना मुलगी टॉर्च धरून बाजूला बसली होती. तिनं विचारलं, "आजोबा खेळायचे का ह्याच्यावर?" तुम्ही माझ्या खुर्चीमागे कधी उभेसुद्धा राहिला नाहीत. पण मी म्हटलं, हो, रविवारी खेळायचे माझ्याबरोबर, गाड्यांचा गेम, आणि सारखे हरायचे. आई तिथंच तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. तिनं सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "व्हय. लय हरायचे." मुलगी हसली. तेव्हापासून ती तिच्या मैत्रिणींनाही तेच सांगते, आणि बाबा, मी तिला थांबवलेलं नाही.