नळापर्यंतचं तण

ताई,

मी कामावर गेलोय, बाबा अजून झोपलेत. आपल्या भाजीच्या जागेतलं तण नळापर्यंत उपटून झालं. माझ्या कंबरेचा काटा ढिला झालाय, उरलेलं आज तू काढ. रविवारी रोपं लावायचीत. हातमोजे घाल, काटे फार आहेत. तणात जुने टूथब्रश सापडतील, ते टाकू नकोस. बाबा वाफ्यांच्या खुणेला तेच रोवायचे. मी कचरा समजून पाच-सहा फेकले, मग आठवलं.

काल बाबांना तिथे नेलं होतं. बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "कुणाची हो ही जागा? पार वाऱ्यावर सोडलीय." मी म्हटलं, आमचीच. तर म्हणाले, "एकट्याने नाही उरकायचं तुम्हाला. उद्या येतो मी मदतीला."

त्यांचे बूट मी दाराशी काढून ठेवलेत.