अपुऱ्या टेपांची व्यवस्था

मी, खाली सही करणार, धंद्याने ध्वनिमुद्रक, आता निवृत्त व विधुर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डाव्या कानाने ऐकू येत नाही. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर धाकट्या मुलीला. तिला मुले आहेत, जागा लागते. बँकेतील शिल्लक दोघी मुलींनी सारखी घ्यावी.

२. पियानो थोरलीला. तो आपल्या वडिलांचा, म्हणून आपला, असे माझा मेहुणा चारचौघांत बोलतो. सासऱ्यांनी तो माझ्या पत्नीला दिला होता, त्याला नव्हे. बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा हा एकदाही फिरकला नाही. त्याला बैठकीतले घड्याळ द्यावे. ते कायम मागे असते, दोघांचे जमेल.

३. मायक्रोफोन व त्यांचे स्टँड शाळेला. सुट्टीत त्यांनी आम्हाला ध्वनिमुद्रणासाठी सभागृह वापरू दिले, पंखे बंद ठेवले, घंटाही वाजू दिली नाही.

४. टेपा. यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका संगीतकाराने एक साधी धून घेऊन तिची एकाहून एक निराळी रूपे पियानोसाठी रचली. ती सगळी वाजवायची, हा माझ्या पत्नीचा तरुणपणापासूनचा ध्यास. ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा तिची फुप्फुसे निकामी होत चालली होती. संथ रूपांत तिचा श्वास सुरांहून मोठा ऐकू येई.

"मायक्रोफोन लांब नेतो," मी म्हणालो.

"नको. मग पियानोपण लांब जाईल. राहू दे."

शेवटच्या रूपाच्या मध्यावर तिने हात मांडीवर घेतले. "आज एवढंच. उरलेलं बरी झाल्यावर." ती बरी झाली नाही.

टेपा प्रसिद्ध करणार होती त्या कंपनीचे मालक सांत्वनाला आले आणि चहा निवायच्या आत म्हणाले, "उरलेला तुकडा दुसऱ्या कुणाकडून वाजवून जोडून टाका. कुणाला कळतंय?" मी त्यांना दार दाखवले. त्यांना माफ करावे, असे मला अजून वाटत नाही. वारसांवर बंधन नाही.

टेपा व त्या ऐकण्याचे यंत्र थोरलीला. आई गेल्यापासून तिने पियानोला हात लावलेला नाही. टेपा ऐकायची तिच्यावर सक्ती नाही. प्रसिद्ध केल्या तर आहेत तशा, श्वासांसकट, अपुऱ्या कराव्यात.

५. वरील कलमे लिहून झाल्यावर घडले ते नमूद करतो. काल थोरली आली. कलम चार वाचले आणि म्हणाली, "लावा, बाबा." सगळे ऐकले. टेप अर्ध्यावर थांबली.

"बरी होणार नाही, हे आईला माहीत होतं?"

"माहीत होतं."

ती उठली, पियानोचे झाकण उघडले आणि आई जिथे थांबली होती तिथून पुढचे वाजवू लागली. बोटे आखडलेली होती, दोनदा अडखळली, तरी शेवटपर्यंत गेली. यंत्र माझ्या हाताशी होते. मी मुद्रण सुरू केले नाही. सबब हे वादन मिळकतीत धरू नये. ते कोणाच्याही वाटणीला येत नाही.

येणेप्रमाणे वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
(सही) पियानो सुरात लावून देणारे, आमचे जुने स्नेही
(सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहते घर, पियानोची खोली
दिनांक: सहीखाली हाताने घातला आहे तो